लपलेल्या माणसाची गिऱ्हाइकं

“भाऊजी, तुम्ही लपलाय की दुकान टाकलंय?”

ऑफिसातून आलो तर माझ्या जिन्यात बायकांची रांग. प्रत्येकीजवळ शिलाई मशीन, आणि आत भाऊजी मांडी घालून बसलेले. तोंडात स्क्रू धरल्यामुळे ते नुसतेच हसले.

वकिलांनी बजावलं होतं, अटकपूर्व जामीन मिळेपर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही. म्हणून धाकट्या बहिणीने आपला मेकॅनिक नवरा माझ्याकडे आणून ठेवला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोच्या मशीनला तेलपाणी केलं. बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. चार दिवसांत सगळ्या इमारतीला खबर, फक्त पोलीस तेवढे राहिले.

भांडण झालं ते थोरल्या बहिणीकडे, ताईकडे. तिचा नवरा आणि दीर घराच्या वाटणीवरून हमरीतुमरीवर आले. दिराने लोखंडी कांब उचलली. आमचे भाऊजी मध्ये पडले, ताईच्या नवऱ्याला मागून कवेत घेऊन ओढायला लागले, आणि कांब नेमकी त्याच्या डोक्यात बसली. तो तिथेच गेला. दिराला लगेच अटक झाली. ‘एकाने धरलं, दुसऱ्याने मारलं,’ असं ताईने पोलिसांना सांगितलं. तिला खोटं म्हणायची सोय नव्हती. तेव्हापासून भाऊजींना हात रिकामे ठेवता येत नाहीत.

एक बहीण विधवा, दुसरीचा नवरा आरोपी, आणि मी दोघींचा एकुलता एक भाऊ. इकडे आड, तिकडे विहीर.

रांग संपत आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एक काळं मशीन आणलं.

“ओळखीतल्या बाईचं आहे. नाव सांगू नका म्हणाली.”

भाऊजींनी चाक फिरवलं आणि तोंडातला स्क्रू हातात घेतला.

“ताईंचं आहे. हे चाक मीच बसवलंय.”

माझं धाबं दणाणलं. ताईला ठिकाण कळलं म्हणजे आता जीप आलीच! डबा घेऊन आलेली धाकटी बहीण त्यांची पिशवी भरायला लागली. “अहो, उठा ना!”

“आधी हे होऊ दे.”

“पोलीस आले म्हणजे?”

“आले तर चालू मशीन त्यांच्या हाती देईन. ताईंकडे पोचवा म्हणेन.”

जिन्यात बूट वाजले. आम्ही तिघं श्वास धरून बसलो. मीटर बघणारा होता. आमचे चेहरे बघून बिचारा पाणी न पिताच पळाला.

पोलीस आलेच नाहीत.

सुनावणीच्या दिवशी वकील कोर्टाबाहेर आले ते हसतच. “मिळाला! त्या बाईंनी परवा पुन्हा जबाब दिलाय. धरलं होतं, पण मागे ओढत होता, असा.”

धाकटीने वकिलांचा हात इतका हलवला की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. माझ्या बायकोने शिपायालासुद्धा पेढा दिला. भाऊजी मात्र बाकावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि आम्हीही त्यांना आवरलं नाही. अट एकच अवघड होती. ताईच्या घरी जायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही.

मशीन मग मीच घेऊन गेलो.

“खिडकीशी ठेव,” ताई म्हणाली. “उद्यापासून शिवणं घेणारे. पोट तर भरायला हवं ना.” तिने दोरा ओवला. सुईकडे बघतच विचारलं, “जेवतो का नीट?”

“जेवतात.”

“धरलं होतं, हे मी खोटं नाही सांगितलं.”

“त्यांनाही ते माहीत आहे, ताई.”

ती पायडल मारायला लागली. मला राहवलं नाही. भाऊजींना फोन लावला आणि काही न बोलता मशीनजवळ धरला. ताईने फोनकडे पाहिलं, पण पाय थांबवला नाही. चांगली लांब शिवण झाल्यावर मी फोन कानाला लावला.

“पट्टा सैल आहे जरा,” भाऊजी म्हणाले. “सवडीने पुन्हा पाठवायला सांग.”

मी ताईला तसं सांगितलं.

“बघू,” ती म्हणाली, आणि शिवत राहिली.