केसांना खळ

मार्गशीर्ष लागला तशी प्रणालीच्या केसांची गळती वाढली. उशीवर केस, मोरीत केस, मळलेल्या कणकेतसुद्धा एखादा. सकाळी झाडताना केरसुणीला गुंडाळून येणारा काळा गुंता रुख्माबाई लेकीच्या नजरेस पडायच्या आत बाहेर टाकून यायच्या.

लेक नागपूरला माहेरी येऊन श्रावणात बाळंत झाली होती. मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला. प्रणाली शुद्धीवर यायच्या आत पुरुषमाणसं त्याला स्मशानघाटावर नेऊन, मातीच्या स्वाधीन करून परतलीसुद्धा. तोंड पाहिलं की माया जडते, मग बाई उभ्या जन्मात त्यातून उठत नाही, असं घरातल्या थोरांचं म्हणणं पडलं. त्या म्हणण्याला मान डोलावणाऱ्यांत रुख्माबाई पहिल्या होत्या.

तेव्हापासून प्रणाली रडली नव्हती. वाढलं की जेवायची, विचारलं की तेवढंच बोलायची. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, पोरगी धीराची आहे. रुख्माबाईंना मात्र तो धीर वाटत नव्हता. उमरेडहून जावई अभिजीत लवकरच तिला न्यायला येणार, असा सासरचा निरोप होता, आणि अशी आतून कडी लावून बसलेली पोर सासरी धाडायची कशी, हा घोर त्यांच्या जिवाला लागला होता. त्यांचा जावयावरही राग होता. चार महिन्यांत तो एकदा म्हणून फिरकला नव्हता. फोन करायचा, तोही दोन वाक्यांचा.

रुख्माबाईंचा एकच विसावा म्हणजे विठ्ठलाच्या देवळातलं कीर्तन. पूर्वी त्या घरी येऊन चुलीपुढे बसल्या बसल्या सगळी कथा लेकीला जशीच्या तशी सांगायच्या, बुवांच्या हातवाऱ्यांसकट. परवा बुवांनी एका आईची कथा लावली होती. तिनं देवाजवळ राज्य मागितलं नाही, मोक्ष मागितला नाही, फक्त गेलेली लेकरं एकदा डोळ्यांनी पाहायला मागितली. मृदंग थांबला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि रुख्माबाई मधूनच उठून चपला शोधायला लागल्या. आरतीला न थांबता निघायची ही त्यांची पहिलीच वेळ. घरी आल्यावर आज कथा कोणती होती, असं प्रणालीनं विचारलंही नाही.

शेजारची गोपिका फोन घेऊन आली ती दुसऱ्या दिवशी. तांदूळ धुतलेलं पाणी रात्रभर ठेवायचं, केसांना लावायचं, थोड्या वेळानं धुवून टाकायचं, केस गळायचे थांबतात आणि नवे येतात, असं त्यातल्या व्हिडिओत एक पोरगी हसून हसून सांगत होती. रुख्माबाईंनी अर्धंच पाहिलं आणि फोन परत दिला.

"तांदळाचं पाणी त मले नको शिकवू वं," त्या म्हणाल्या. "जल्म त्याच्यातच गेला माहा."

ते खोटं नव्हतं. घर कोष्ट्यांचं, विणकरांचं. माग विकून वर्षं झाली होती, पण एके काळी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा लावला जायचा आणि त्या सुताला पाजायची तांदळाची खळ रुख्माबाईंच्या हातची असायची. त्या खळीनं कच्चं सूत असं काही ताठ व्हायचं की मागावर तुटायचं नाव नाही. तुटणारी गोष्ट तांदळानं धरून ठेवता येते, एवढं त्यांच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. मग सूत काय आणि केस काय, असं त्यांना वाटलं. केस सावरले तर पोर सावरेल, असंही वाटलं असावं.

त्यांनी तांदूळ धुतले नाहीत, शिजवले. चांगले लगदा होईपर्यंत शिजवले, घोटले, फडक्यातून गाळले, थेंबभर तेल सोडलं आणि आंबायला ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणालीला अंगणात उन्हात बसवून ती दाट, आंबूस खळ मुळापासून टोकापर्यंत चोपडली. प्रणालीनं मान पुढे केली. 

खळ वाळायच्या आत सूत विंचरून मोकळं करावं लागतं, नाहीतर धागा धाग्याला धरतो. पण नागपूरचं थंडीतलं ऊनही दुपारी कडक असतं. रुख्माबाई फणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात देवळातून वर्गणीवाले आले, त्यांच्याशी बोलण्यात वेळ गेला. परत आल्या तेव्हा लेकीच्या पाठीवर केस नव्हते, एक फळी होती. त्यांनी घाईनं फणी घातली आणि ताण्याच्या सुतावरून खळीचा कुंचा ओढावा तशी सवयीनं लांब, जोरात ओढली. फणीबरोबर मूठभर केस हातात आले. दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा तेच. कानामागे रुपयाएवढी पांढरी कातडी दिसायला लागली.

रुख्माबाईंनी फणी टाकून दिली. देवा, हे काय करून बसले मी, असं पुटपुटत त्यांनी लेकीला हाताला धरून मोरीत नेलं, कोमट पाणी केलं आणि तांब्यानं डोक्यावर सोडायला लागल्या. फाटलेल्या दुधासारखं पाणी खाली जाऊ लागलं आणि जाळीवर केसांचा बोळा साचला. सगळं धुऊन जाईल, दुखलं का, डॉक्टरकडे जाऊ, असं त्या बोलतच होत्या. खाली मान घालून बसलेली प्रणाली मधेच म्हणाली,

"त्याले केस होते का वं, माय?"

रुख्माबाईंनी तांब्या खाली ठेवला. कोणाले, असं विचारायची गरज नव्हती. चार महिने त्यांनी हाच प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

"होते," त्या म्हणाल्या. "लय होते. काळे. कपाळाले चिकटून होते. मी बोटानं मागं केले."

"तू घेतलं होतं त्याले?"

"घेतलं होतं. आपल्या मागावरचं शेवटचं कापड होतं पेटीत, त्याच्यात गुंडाळून दिलं मीच."

प्रणालीच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"अन् मले काहून नाही दाखवलं?"

"तुले त्रास होईन म्हणून."

"मग आता होऊन नाही राहिला का?"

रुख्माबाईंनी पदरानं तिची हनुवटी टिपली.  परवाच्या कथेतली आई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिला देवानं लेकरं दाखवली होती. आपण माणसं असून दाखवली नाहीत.

प्रणाली हळू बोलत होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं की दिवस असताना केस गळत नाहीत, धरून राहतात आणि बाळंतपणानंतर सगळे एकदम सुटतात. म्हणजे हे केस तो पोटात होता तेव्हाचे. तिनं जाळीवरचा बोळा उचलून तळहातावर धरला.

"याहिले थांबवू नको, माय. जाऊन राहिले त जाऊ दे. पण त्याले कुठं ठेवलं, ते मले सांग."

ते रुख्माबाईंना माहीत नव्हतं. मुलाला घेऊन गेलेल्यांत बाप म्हणून अभिजीत होता, त्याला माहीत होतं.

ओल्या केसांनिशीच प्रणालीनं त्याला फोन लावला. काय विचारलं ते आतून ऐकू आलं. बाहेर येऊन तिनं सांगितलं की उद्या सकाळच्या बसनं तो येतो आहे. आणि तो अधूनमधून नागपूरला येतच होता. घाटावर जायचा, बसायचा आणि तिथूनच परत फिरायचा. तिला न दाखवता मूल नेल्यापासून या घराच्या दारात यायला त्याचे पाय वळत नव्हते.

सकाळी तो आला तेव्हा वाळलेला, दाढी वाढलेला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रुख्माबाईंनी त्याच्यासाठी चार महिने रागाचे शब्द साठवून ठेवले होते. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. प्रणाली रुमालही न बांधता, विरळ केसांची बारीकशी वेणी घालून ऑटोत बसली. बायका घाटावर जात नाहीत. नवऱ्याच्या वेळीसुद्धा रुख्माबाई दारातूनच मागे फिरल्या होत्या. पण ऑटो सुरू झाला तशा त्या "थांबा गा, मी बी येतो," म्हणत चपला पायात सरकवून आत शिरल्या.

घाटाच्या कडेला, लहान लेकरांसाठी राखलेल्या तुकड्यात, अभिजीत एका काटेरी झुडपाजवळ थांबला. तिथं तीन दगड लावलेले होते. त्यानं बोट दाखवलं.

प्रणाली खाली बसली. आधी तिनं माती नीट केली, पाला वेचून बाजूला टाकला, निजलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा हात फिरवला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रुख्माबाईंनी आजवर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लाकडं रचणारी माणसं लांबून वळून पाहू लागली. अभिजीत तिला उठवायला पुढे झाला.

रुख्माबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "रडू द्या तिले."

आणि त्या तिथंच, लेकीपासून थोड्या अंतरावर, धुळीत बसल्या. ऊन वर येत होतं. परत जायची घाई कोणालाच नव्हती.