शिक्क्याच्या कडेतली चीर

मी एक भिंग बोलतोय. पण माझ्या बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. राईचा पर्वत करून दाखवणं हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्याच्या आठवणी मापात राहिल्या असतील का, याची मला स्वतःलाच खात्री नाही. सांगतोय तो दिवस मंगळवार होता की बुधवार, हेसुद्धा आता छातीठोकपणे सांगवत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला, पण शिक्षण झालं शिक्केवाल्या अप्पांच्या टेबलावर. रबरात उलटी अक्षरं कोरायची हे त्यांचं काम. डॉक्टर, मुख्याध्यापक, पतपेढ्या, सगळ्यांची नावं मी उलटी वाचली. चाळीस वर्षं वाचून कुणी शहाणं होतं. मी भित्रा झालो. प्रत्येक रेघेत मला चूक दिसते.

अप्पांची एक सवय होती. प्रत्येक शिक्क्याच्या कडेत, खालच्या अंगाला, केसाहून बारीक अशी एक चीर ते ठेवायचे. उद्या गिऱ्हाईक उलटलं, तर आपलं काम ओळखता यावं म्हणून. ती चीर आम्हा दोघांनाच दिसायची.

शेजारच्या खोलीत त्यांची लेक दोन मशिनींवर शिवणकाम करायची. दुसरी मशीन कर्जावर घेतलेली. ती आजारी पडली आणि तीन हप्ते थकले. मग वसुलीवाला येऊ लागला. आधी फोन, मग दारात, मग समोरच्या दुकानापर्यंत पोचेल अशा आवाजात: "लोकांची अब्रू झाकायचे कपडे शिवता, आणि स्वतःची उघड्यावर टाकता होय?"

एके दुपारी त्याने एक कागद दिला. कोर्टाचा जप्तीचा हुकूम, उद्या चार वाजता दोन्ही मशिनी उचलणार. मशिनी गेल्या की लेकीची चूल विझणार. त्यापेक्षा एक तरी अर्ध्या किमतीत विकून टाकते, म्हणाली. कागद तेवढा नीट वाचून द्या म्हणून ती अप्पांकडे आली.

अप्पांनी मला कागदावर धरलं. अक्षरं सरकत गेली आणि गोल शिक्का माझ्याखाली आला. कडेत, खालच्या अंगाला, एक चीर.

मला वाटलं, माझ्यावरच धूळ असेल. अप्पांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी मला सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा धरलं. चीर जागच्या जागी.

गप्प बसले असते तर नाव राहिलं असतं.

"हा कोर्टाचा नाही," ते म्हणाले. "हा शिक्का मी केलाय."

लेकीने कागद ओढून घेतला. "तुम्ही?"

"नाटकासाठी हवाय म्हणाला एकजण. मी नाटक मंडळीचं पत्र मागितलं नाही."

"तुम्हालाच धरतील, अप्पा."

"धरू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ग्राहक तक्रार कार्यालयात गेली. मी खिशात. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, की कर्ज फेडावंच लागेल; पण खोटा हुकूम दाखवून वस्तू नेणं हा गुन्हा आहे. येईल त्याचं ओळखपत्र मागा, हिशेब लेखी मागा, चारचौघांत अपमान केला तर तक्रार करा. शिक्का कुणी कोरला ते अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

चारला टेम्पो आला. लेक दारात उभी राहिली. पाठ केल्यासारखं सगळं बोलली. वसुलीवाला हसला. कोर्टापेक्षा शिवणवाली मोठी का, म्हणाला.

अप्पांनी मला शिक्क्यावर धरलं. "या, बघा. ही चीर माझी आहे. आणि ही तक्रारीची पोच."

तो वाकला. त्याचा डोळा मला बशीएवढा दिसला, आणि त्यात भीती होती. टेम्पो रिकामा गेला.

लेकीने पुढे हप्ते बांधून घेतले आणि फेडले. अप्पांना दोनदा चौकशीला बोलावलं, समज देऊन सोडलं. त्यांनी पुन्हा शिक्का कोरला नाही. "एकदाच चुकलो, एकच शिक्का," असं ते अखेरपर्यंत म्हणत.

आता माझा एक कपचा उडालाय. मी लेकीच्या खणात बटणांमध्ये असतो. सही करण्याआधी ती प्रत्येक कागदावर मला फिरवते. तुम्हीही कुणाला तरी फिरवा, एवढंच मागणं.

अप्पा गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांचं टेबल रिकामं करताना एक जुनी चिठ्ठी निघाली. लेकीने मला तिच्यावर धरलं. अप्पांचंच अक्षर: नाटकासाठी. नग सहा.

नेहमीप्रमाणे मला माझीच शंका आली. लेकीने मला बाजूला ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी वाचलं.

सहाच होते.