शिवलेला नंबर

आमच्या सायकल क्लबाचा एक नियम आहे. सलग तीन हंगाम ज्याने एकही शर्यत वेळेत पुरी केली नाही, त्याचं नाव शर्यतवाल्यांच्या यादीतून निघून मदतनिसांच्या यादीत जातं. मदतनीस म्हणजे नारिंगी बंडी घालून वळणावर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात केळी द्यायची. केळ्यांशी माझं वैर नाही. पण मी केळं घेणाऱ्यांतली आहे, देणाऱ्यांतली नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

माझे जवळजवळ तीन हंगाम सासऱ्यांच्या खोलीत गेले. ते अंथरुणाला खिळले होते. खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर ते. इथे एक पँट आखूड करायची, तिथे त्यांना कुशीवर वळवायचं. ते गेले आणि महिन्याभराने मी माळ्यावरून सायकल काढली. तिच्यावर धूळ चढली होती, माझ्यावर चरबी. तिची फडक्याने निघाली.

सरावाच्या पहिल्या दिवशी मला पोस्टमनने मागे टाकलं. तो चालत होता. चढ होता, हेही सांगायला हवं.

दोन महिन्यांनी तिसऱ्या हंगामातली शेवटची शर्यत आली. चाळीस किलोमीटर, मुदत एक तास पन्नास मिनिटं. आज जमलं नाही तर केळी.

सुटल्या सुटल्या घोळका निघून गेला. दोन मुली "मावशी, जरा डावीकडे" म्हणत माझ्या दोन्ही बाजूंनी गेल्या. आता दोन्हीकडून डावीकडे कसं व्हायचं, हे विचारायला त्या थांबल्या नाहीत. मागे उरली फक्त शेवटची गाडी. तिच्या टपावर झाडू बांधलेला असतो. रस्त्यात जो गळेल त्याला ती उचलते. गाडी चालवत होती माझी धाकटी नणंद, जी एरवी दंतवैद्याकडे लोकांची तोंडं उघडी धरते. शेजारी स्टॉपवॉच घेऊन क्लबाचे सचिव. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना शिट्टी सर म्हणतात.

"वहिनी, पाठीमागून फार रुबाबदार दिसतेस," नणंद खिडकीतून ओरडली.

"पुढून बघायचं असेल तर ओलांडून जा."

"परवानगी नाही!" सर म्हणाले. त्यांना थट्टा ऐकूच येत नाही.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला टेकडी लागते. तिथे सायकल एकाएकी जड झाली. मला लगेच कळलं: मागचा ब्रेक चाकाला घासतोय. इतका वेळ घासतच असणार! म्हणजे मी मुळात सुसाट होते, ब्रेकने घात केला. मी उतरले, सायकल उचलली आणि चाक फिरवलं. ते फिरलं. फिरतच राहिलं, सुंदर, निःशब्द, एखाद्या नव्या पंख्यासारखं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. सायकल ठीक आहे."

"मग?"

"तेच तर."

अर्ध्या टेकडीवर मात्र पायांनी हात टेकले. मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत जात होता. मी सायकल कठड्याला टेकवली आणि गाडीचं दार उघडलं. "बस झालं. चढते."

"आधी नंबर," सरांनी हात पुढे केला. शर्यत सोडणाऱ्याने पाठीवरचा कापडी नंबर स्वतःच्या हाताने काढून द्यायचा, मगच गाडीत पाय ठेवायचा. इतर लोक नंबर चार पिनांनी लावतात. पिनांनी कापड फडफडतं, आणि फडफडणारं कापड बघून माझा जीव कासावीस होतो. म्हणून मी नंबर मशीनवर शिवला होता. दुहेरी टिपेने. चारही कोपऱ्यांना पक्के टाके.

"निघत नाहीये," मी मान वळवून पाठीकडे बघत म्हणाले.

"ओढा."

"माझी शिलाई आहे सर, ओढून निघायची नाही."

"कात्री?"

"दुकानात."

"मग अख्खा शर्टच काढून दे," नणंद म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटली. सरांचे कान लाल झाले. तरीही हात तसाच पुढे. "नंबर नाही, तर प्रवेश नाही. नियम आहे."

"सर," नणंद हसायची थांबली. "तीन वर्षं हिने माझ्या बापाला उठवलं-बसवलंय. रविवारी यायचे मी, बिस्किटं घेऊन. आणि तुम्ही तिला दारात उभी करता?"

"नियमावलीत ते कलम नाही," सर हळू म्हणाले. पण त्यांचा हात खाली आला.

या भांडणात चार मिनिटं गेली आणि तेवढ्यात पाय बरेच शांत झाले. मी दार लावलं, सायकलवर बसले आणि निघाले. राग सरांचा होता, शिलाईचा होता, थोडा सासऱ्यांचाही होता, न सांगता गेले म्हणून. टेकडी चढले. उताराला तर मी ओरडलेही, बहुतेक अपशब्द.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा कमान अर्धी उतरवून झाली होती. एक तास त्रेपन्न मिनिटं. तीन मिनिटं उशीर.

"ती चार मिनिटं वजा करा ना," नणंद म्हणाली.

"थांबल्या त्या स्वतः." सरांनी यादीतलं माझं नाव खोडलं. सावकाश, पट्टी धरून. मला रडू येईल असं वाटलं होतं. पण भूक लागली होती. मी मदतनिसाकडून केळं घेतलं, खाल्लं, आणि टेबलापाशी जाऊन विचारलं, "नवीन सदस्याचा अर्ज आहे?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. नव्या सदस्याला वेळेत यायला तीन हंगाम मिळतात ना?"

सरांनी नियमावली उघडली. पहिल्या पानापासून वाचली. परत मिटली. "मनाई नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "पण नवशिक्यांच्या वर्गाला बसावं लागेल. पोरांबरोबर."

"बसेन."

नणंदेने शिफारस करणाऱ्याच्या जागी सही ठोकली. मी बाकीचे रकाने भरले. वय खरं लिहिलं. अनुभव : नाही. टी-शर्टचं माप मात्र मी 'मध्यम' लिहिलं. घरी नेऊन दोन्ही बगलांत पट्ट्या जोडेन, कोणाच्या बापाला कळणार नाही.