फाटकाबाहेरचं दूध

आमच्या डेअरीत रोज इतकं दूध येतं की एखादं गाव त्यात न्हाऊन निघेल. त्या दुधाचे नमुने तपासणं हे माझं काम. फॅट किती, पाणी किती, नासायला लागलंय का, हे मी सांगते आणि मी हो म्हटल्याशिवाय टँकर रिकामा होत नाही. अशा बाईला स्वतःचं बाटलीभर दूध घरी नेता येऊ नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बाळंतपणाची रजा संपवून कामावर आले, त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या आडोशाला बसून दूध काढलं. पंप असला तरी घाई चालत नाही. मन थाऱ्यावर नसलं की थेंब येत नाही. फोनमधला बारकीचा फोटो बघत बसले, तेव्हा कुठे धार लागली. बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवली. आज काढलेलं उद्या, मी घरी नसताना, बारकीच्या पोटात जायचं होतं.

संध्याकाळी फाटकावरच्या काकांनी पिशवी उघडली. काका म्हणजे आमचे रखवालदार. त्यांच्या नजरेतून टाचणी सुटत नाही.

"हे काय?"

"दूध."

"पास?"

"काका, माझं दूध आहे ते. बाळासाठी काढलेलं."

काकांचे कान लाल झाले, पण हात पिशवीवरून हलला नाही. "ते मला कसं कळणार, बाई? पांढरं ते पांढरं. एकाने पाण्याच्या बाटलीतून मलई नेली, तर माझी नोकरी जायची वेळ आली होती. पास आणा, नाहीतर ओतून टाका."

पास देणारे साहेब घरी गेले होते. मागे माणसं खोळंबली होती आणि माझी छाती पुन्हा दगडासारखी झाली होती. मी बाटली फाटकाजवळच्या गटारात ओतली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडू आलं. रागाचं रडू होतं ते, त्यामुळे आवरेचना.

घरी सासूबाईंनी पावडरीचा डबा आधीच आणून ठेवला होता. वेळेला असावा म्हणून. मी झाला प्रकार सांगितला. त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्या दुपारी काय देऊ हिला?"

डब्यातल्या दुधाशी माझं वैर नाही. जिला येत नाही, जिला जमत नाही, तिने खुशाल द्यावं. पण मला येत होतं. येतंय ते गटारात ओतायचं आणि विकतचं कालवायचं, हे माझ्या डोक्यात बसेना. आणि काढणं थांबवलं की ते आटत जातं, हेही मला पक्कं माहीत होतं.

"उद्या डबा उघडा, आई," मी म्हणाले. "उद्यापुरताच. परवाचं मी आणते."

"कसं आणशील?"

"बघते."

सकाळी साहेबांकडे गेले. साहेब माणूस चांगला, पण मी विषय काढताच ते खिडकीशी बोलू लागले. "मला कळतं हो, माझ्याही घरी मुलं आहेत. पण आतून दूध बाहेर जाणार म्हटलं की प्रश्न येतात. आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या जो तो बाटली घेऊन निघेल."

"जो तो कुठून काढणार, साहेब?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "वरून परवानगी आणावी लागेल. महिनाभर थांबा."

बारकीला महिनाभर थांबायला कोण सांगणार? लॅबमधली माझी मैत्रीण म्हणाली, "जेवणाच्या डब्याखाली लपवून ने, कशाला डोकं फोडतेस?" पण जे माझंच आहे ते चोरासारखं का न्यायचं? आणि सापडले असते तर जन्मभर दूधचोर म्हणवून घ्यावं लागलं असतं. मी नमुने तपासत राहिले आणि साहेबांचं बोलणं घोळवत राहिले. आतून दूध बाहेर. आतून.

दुपारी पंप आणि बाटली घेऊन मी थेट फाटक गाठलं. काकांची केबिन फाटकाच्या पलीकडे आहे, दार रस्त्याकडे. मी बाटली त्यांच्या नाकासमोर धरली.

"काका, नीट बघा. रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही जरा बाहेर या."

ते गोंधळून बाहेर आले, मी आत शिरले आणि कडी लावली. पांढरा ॲप्रन काढून काचेवर अडकवला.

"अहो बाई, फाटकाचं बटण आत आहे," काका बाहेरून म्हणाले.

"असू द्या. मी दूध आतून नेत नाहीये, बाहेरच काढतेय. नियमात बसतं ना?"

काकांची पावलं दारापासून चार हात लांब गेली. मग उत्तर आलं, "बसतं."

तेवढ्यात टँकर आला. त्याच्या मागे दुसरा. हॉर्न सुरू झाले आणि माझी लागलेली धार थांबली.

"काका, हॉर्न बंद करायला सांगा. असल्या गोंगाटात येत नाही."

"ए, हॉर्न बंद," काका खेकसले. "आत काम चालू आहे."

"कसलं काम?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुझ्या आईने तुझ्यासाठी केलं होतं ते," काका म्हणाले. त्यानंतर एकही हॉर्न वाजला नाही. मी डोळे मिटले, बारकीची मूठ आठवली आणि धार परत लागली.

थोड्या वेळाने साहेबांचा आवाज आला, धापा टाकणारा. "फाटक का बंद आहे? दार वाजवा."

"मी नाही वाजवणार, साहेब. तुम्ही वाजवा," काका म्हणाले.

साहेबांनीही वाजवलं नाही. दाराबाहेरूनच विचारलं, "बाई, अजून किती वेळ?"

"एक बाजू झालीय, साहेब. दुसरी राहिलीय."

बाहेर कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "पास देतो," ते म्हणाले. "आजपासून, रोजचा. उद्यापासून माझ्या शेजारची खोली वापरा. पण आता दार उघडा."

"लिहून द्या. तोवर माझं होतंय."

त्यांनी टँकरच्या चाकावर कागद टेकवून लिहिलं म्हणे. मी पाहिलं नाही. मी दुसरी बाजू पूर्ण केली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ॲप्रन चढवला आणि मगच कडी काढली.

संध्याकाळी सुटल्यावर रोजच्या सवयीने बाजूच्या छोट्या दाराशी उभी राहिले. पिशवी उघडून पुढे केली, वर पास ठेवला होता. काकांनी आत डोकावलंदेखील नाही. केबिनमध्ये जाऊन त्यांनी बटण दाबलं आणि टँकरचं मोठं फाटक सरकू लागलं.

"काका, मी छोट्या दाराने जाते ना."

"तुम्ही जाता," काका म्हणाले. "पण दूध मोठ्या फाटकानेच जातं इथून."

पूर्ण उघडेपर्यंत मी थांबले. मग मधोमध चालत बाहेर पडले, बारकीचं उद्याचं दूध खांद्याला लावून.