उपडा पेला

मठाच्या तळघरात वाईन चाखायला बसलेल्या अकरा माणसांपैकी नऊ मूर्ख आहेत आणि उरलेल्या दोघांतला एक साधू आहे, असं ग्रासियाँ शाबेरचं स्वच्छ मत होतं. अकरावा तो स्वतः.

गावातले दहा बागायतदार आणि टेकडीवरचा मठ मिळून मठातच एक तांबडी वाईन करत. दरवर्षी फेब्रुवारीत अकरा बागांची अकरा पिंपं चाखायची आणि मग एकत्र करायची. बाटल्यांवर नुसते आकडे. चाखताना बोलायचं नाही, हा साधूंचा नियम. जी वाईन नको, तिचा पेला उपडा ठेवायचा. एकाचाही पेला उपडा झाला, की ती बाग त्या वर्षी बाहेर.

"गप्प बसून वाईन चाखायची! मयताला आलोय का आपण?" दारातच ग्रासियाँनं शेजारच्या रेजीनला ऐकवलं होतं.

"आज तरी जीभ आवर रे बाबा," ती म्हणाली होती.

आज का, ते तिला ठाऊक होतं. म्हणजे गावाला ठाऊक होतं, कारण रेजीनला कळलेली गोष्ट पाव भाजून होईपर्यंत बेकरीत पोचलेली असे. ग्रासियाँची चढावरची बाग कागदोपत्री त्याच्या मुलीची, लोरांसची होती, आईकडून आलेली. वेली मात्र ग्रासियाँनं आणि त्याच्या बायकोनं, कोलेतनं, लग्नाच्या वर्षी लावलेल्या. कोलेत जाऊन सहा वर्षं झाली होती. लोरांसला तिथं डच पर्यटकांसाठी तंबू आणि पोहण्याचा तलाव हवा होता. शेवटी ती म्हणाली होती, "मठाच्या वाईनमध्ये यंदा आपली बाग गेली, तर वेलींना हात लावणार नाही. नाही गेली, तर सोमवारी उपटायचं यंत्र येईल." डच लोकांनी आपल्या वेलींच्या जागी पाय धुवावेत, या कल्पनेनंच ग्रासियाँचं डोकं फिरायचं.

समोर मठाचे ब्रदर बेनेझे पेल्यात नाक खुपसून बसले होते. हे आधी लियोंला दातांचे डॉक्टर होते. पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर देवानं बोलावलं म्हणे, आणि आता आमच्या पिंपांत डोकावतात! ग्रासियाँला त्यांचं सगळंच खटकायचं. हळू बोलणं, स्वच्छ नखं, आणि सगळ्यात जास्त ती घंटा.

सप्टेंबरात त्या घंटेवरूनच वाजलं होतं. सायंप्रार्थनेची घंटा झाली, की मठात द्राक्षं घेणं बंद. ग्रासियाँ भरलेली ट्रॉली घेऊन पोचला आणि घंटा सुरू झाली.

"उद्या उजाडताच पहिला नंबर तुमचा," ब्रदर बेनेझे म्हणाले होते. "रात्रभर ट्रॉली आमच्या थंड कोठारात लावा."

"उपकार नकोत साधूंचे. माझी द्राक्षं काही व्रताला बसलेली नाहीत. आत्ता घ्या, नाहीतर इथंच राहतील."

ती तिथंच राहिली, फाटकाबाहेर, झाडाखाली. परत न्यायची म्हणजे रेजीनच्या खिडकीखालून जायचं आणि तिचं हसू झेलायचं! रात्र भट्टीसारखी होती. सकाळी ट्रॉलीवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या आणि तळाशी रस साचला होता. ग्रासियाँनं तीच द्राक्षं हट्टानं पिंपात घालायला लावली आणि सगळा दोष घंटेला देऊन टाकला.

आता तो नाकानं कांदे सोलत एकेक पेला संपवत होता. दोन नंबर पाणचट. चार नंबर मठाची असणार, सोवळी, रक्त नसलेली. तिचा पेला उपडा करायला त्याचे हात शिवशिवले. पण वाईट नव्हती, हे त्याला कबूल करावं लागलं. सगळं संपल्यावर बघू म्हणून त्यानं सातवा पेला उचलला.

आंबट झिणझिण्या थेट नाकात गेल्या. व्हिनेगर! कुठल्या गाढवानं हे पिंपात भरलं? त्यानं खूश होऊन घोट घेतला. आंबटपणाच्या मागून तापलेल्या दगडाची आणि रानातल्या ओव्याची चव आली. ती चव तो पंचेचाळीस वर्षं ओळखत होता.

त्यानं मान वर केली. रेजीननं सात नंबर हुंगला, क्षणभर थांबली, आणि पेला सरळ ठेवला. तिच्या पलीकडच्यानं ठेवला. त्याच्याही पलीकडच्यानं. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले, आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. ब्रदर बेनेझे यांनी घोट बादलीत थुंकला, ओठ पुसले आणि पेला सरळच ठेवला.

दया! ज्यांना तो वर्षानुवर्षं मूर्ख म्हणत आला, ते सगळे मिळून त्याच्यावर दया करत होते. अकरात एक आंबट पिंप खपून जाईल, म्हाताऱ्याची बाग वाचेल. गप्प बसलं, की झालं. हात मांडीवर ठेवायचे, बस्स. कोलेतच्या वेली राहतील.

त्यानं हात मांडीवर ठेवले. मग त्यानं सातव्या पेल्यातली वाईन बादलीत ओतली आणि पेला टेबलावर उपडा आदळला.

ब्रदर बेनेझे यांनी नियम मोडला. "ग्रासियाँ, ती तुमची होती."

"मला सांगताय? आणि तुमच्या जिभांना काय झालंय? दहा माणसं, आणि एकालाही व्हिनेगर कळू नये?"

"कळलं की रे," रेजीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "कळलं म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय! लाज नाही वाटत? असलं लोकांना पाजणार?"

तो बाहेर अंगणात आला. थंड वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते वाऱ्यानं आलेलं नाही हे त्याला कळत होतं. त्यानं लोरांसला फोन लावला.

"यंत्र येऊ दे सोमवारी."

"नाकारली साधूंनी?"

हो म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर त्यानं दोष दुसऱ्यावरच टाकला होता. "नाही. तेवढी हिंमत कुठली त्यांच्यात. मी नाकारली. सडली होती. मीच सडवली."

असं बोलणारा बाप तिला माहीत नव्हता. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काही म्हणायचंय का? म्हणा ना. मी ऐकतेय."

राहू दे गं, एवढंच म्हणायचं होतं. एक वर्ष राहू दे, तुझ्या आईच्या वेली आहेत. शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि ती थांबली होती, नक्की थांबली होती. पण हात पसरणाऱ्या माणसांची त्याला जन्मभर किळस आलेली.

"म्हणायचं काय त्यात," तो म्हणाला. "यंत्रवाल्याला लवकर यायला सांग."

"बरं," लोरांस म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.