न मेलेला राक्षस

काळुरामला राक्षस मारायचाच नव्हता. पण तोंडानं कबूल करेल तो काळुराम कसला!

त्र्याण्णव सालची गोष्ट. दर रविवारी जेवण आटोपलं की तो वडखळहून एसटीनं पेणला यायचा, हासाजीच्या ओटीवर. रोह्याच्या शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. हासाजी ज्यू, शनिवारी शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळायचा, फाशांना शिवायचा नाही, म्हणून रविवार. हासाजीची नात रेचल मुंबईहून आणलेला खेळ मांडायची. गोष्ट ती सांगायची, फासे हे दोन म्हातारे टाकायचे, एकेक सोंगटी म्हणजे एकेकाचा वीर. राक्षस म्हणून जवळच्या जोहे गावच्या गणपती कारखान्यातला बिनरंगाचा मातीचा उंदीर. नियम सोपा: आपल्या पाळीला एकतर तलवार चालवायची, नाहीतर सोबत्यापुढे ढाल धरायची. दोन्ही नाही.

हासाजी सदा तलवार, काळुराम सदा ढाल.

"अरे काळ्या, ढालीनं राक्षस मरतो काय रे?"

"आधी बांध, मग भात," काळुराम म्हणायचा.

खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवण्यात जन्म गेलेला माणूस. उधाण आलं की बांध सांभाळायचा, खाडीशी भांडायला जायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. पण खरं कारण वेगळंच. राक्षस मेला की खेळ संपणार, आणि हासाजी तर नातीला घेऊन कायमचा इस्रायलला, लेकाकडे निघालेला. अर्धा डाव टाकून कोण जातं, असं काळुरामला वाटायचं. खुळाच म्हणायचा! विमान काय उंदरासाठी थांबतं?

शेवटचा रविवार उजाडला. हासाजीचा वीर मरणाला टेकला होता, राक्षसही. पाळी काळुरामची.

"ढालच ना, काका?" रेचलनं विचारलं.

हासाजी हळूच म्हणाला, "काळ्या, लेक एकटा पडलाय रे तिकडं. जाऊ दे मला."

"मला काय कळत नाय व्हय?" काळुराम उसळला. "पण तू गेल्यावर मी भांडू कुणाशी? सांग ना!" मग त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि फासा उचलला. "तलवार!"

फासा घरंगळत गेला. घाव हुकला.

"अगोबाई! आता राक्षस तुमच्यावर वळलाय, काका," रेचल म्हणाली. "आजोबा, तुम्ही एक घाव घाला. मेलाच तो."

हासाजीनं फाशाला हात लावला नाही. आपली सोंगटी सरकवून त्यानं काळुरामच्या सोंगटीपुढे ठेवली.

"ढाल," तो म्हणाला.

"आजोबा, अहो, आज शेवटचा डाव! राक्षस जिवंत राहील."

"राहू दे गो."

त्यानं पटावरचा उंदीर उचलला, काळुरामच्या मुठीत ठेवला आणि वरून आपल्या हातानं मूठ मिटली.

"मी येईस्तवर सांभाळ. मारू नको."

काळुराम रडता रडता हसला. "मी? मी कधी मारलाय काय रे त्याला?"