एकेचाळिसावं पान

सुभेदार संपतरावांना सुटा कागद बघवत नसे. अठ्ठावीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस. कागद दिसला की आधी पंचिंग मशीन हातात. दोन भोकं पाडायची, लाल पेन्सिलीने पानाला नंबर घालायचा, हिरव्या दोरीचा टॅग ओवून फायलीत बसवायचा. "फायलीत नाही ते घडलंच नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिल्ली कॅन्टच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये लाइटबिलं सोडाच, पत्नी कांताबाईंच्या माहेरची पत्रंसुद्धा टॅगमध्ये होती.

त्यांची मुलगी शिवांजली कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती. साल चौऱ्याण्णव. जूनअखेर संपतराव रिटायर होणार आणि बिऱ्हाड साताऱ्याकडच्या गावी जाणार, हे ठरलेलं. शिवांजली तेवढी मागे राहू शकत होती. गुडगावात नव्याने आलेल्या एका कंपनीने तिला निवडलं होतं, बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास आला की नोकरी पक्की. नाही आला तर गाव, आणि आत्याने बघून ठेवलेलं स्थळ. आधीचे मार्क काठावरचे होते, त्यामुळे सगळी मदार शेवटच्या प्रोजेक्टवर.

प्रोजेक्ट तापलेल्या पत्र्याचा होता. चौकोनी पत्र्याच्या चार कडा कमीजास्त तापवल्या, तर मध्ये कुठे किती तापेल? प्रत्येक ठिपक्याला त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी द्यायची, मग पुन्हा पहिल्यापासून, असं शेकडो वेळा. आकडे हलायचे थांबले की उत्तर आलं. "म्हणजे तव्यासारखंच की," कांताबाई म्हणाल्या होत्या. घरात प्रोजेक्ट कळलं ते तेवढंच.

चार महिन्यांचं हे काम एका फ्लॉपीवर होतं. काळी, पातळ, वाकवली तर वाकणारी; एक चरा गेला तरी मशीन ती वाचत नसे. लॅबमध्ये व्हायरस शिरला म्हणून शनिवारी सगळी मशीनं पुसून कोरी केली होती. दुसरी फ्लॉपी करायची होती, ती आज करू उद्या करू म्हणत राहून गेली. सोमवारी परीक्षा. सकाळी शिवांजलीने छापील प्रोग्रॅमचे चाळीस कागद आणि त्यांच्याखाली कागदी पाकिटातली फ्लॉपी असा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ती आंघोळीला गेली.

बाहेर आली तर फाइल तयार.

"बघ शिवा, एक ते एकेचाळीस, एकदम सीरियल. पाकीट सटकलं असतं, तेही ओवून टाकलं. परीक्षक फाइल बघूनच खूश होणार!"

ती केस पुसत होती, बसची वेळ झाली होती. तिने ऐकलं आणि ऐकलं नाही. फाइल उचलून ती पळाली.

फाइल उघडली ती थेट परीक्षकांच्या समोर. शेवटच्या पाकिटावर लाल पेन्सिलीने ४१ घातलेलं, आणि त्यातल्या फ्लॉपीला आरपार दोन भोकं. तिने ती उजेडाकडे धरली. भोकांतून खिडकी दिसत होती.

"दूसरी कॉपी है?" परीक्षकांनी विचारलं.

"नहीं सर."

माणूस वाईट नव्हता. "चालीस मिनट हैं, बेटा. छपा हुआ तो है, टाइप कर सको तो कर लो."

ती टाइप करत गेली. भोकांनी खाल्लेली अक्षरं तिला पाठ होती. वेळ संपली तेव्हा ती अकराव्या पानावर होती.

"लिखित के नंबर दे दूँगा," ते म्हणाले. "प्रोग्राम चला ही नहीं, तो उसके कैसे दूँ?"

बसमध्ये रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. कॅन्टजवळचं धौला कुआँ आलं, तरी रडू आलं नाही. राग म्हणावा तर तोही नाही. तिला काहीच वाटत नव्हतं आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

"कसं झालं?" संपतराव दारातच उभे होते.

"झालं, आबा."

"आणि फाइल?"

"चांगली आहे म्हणाले."

त्यांनी कांताबाईंकडे असं पाहिलं, जणू पलटणीला स्पर्धेची ढाल मिळाली. एकदा ऑफिसात त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला होता, तर हा गडी दोन दिवस जेवला नव्हता. शिवांजलीला ते आठवत होतं.

निकाल लागला, अठ्ठावन्न टक्के. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. ट्रंका भरायला घेतल्या, आणि गावी पोचल्याबरोबर स्थळाकडचे बघायला येणार असा आत्याचा निरोपही आला.

"तू मेहनतीत कमी पडली नाहीस, शिवा. नशीब, दुसरं काय!" संपतराव म्हणाले. त्यांनी प्रोजेक्टची फाइल काढली, मार्कशीटला भोकं पाडून बेचाळीस नंबर घातला, कंपनीच्या पत्राला त्रेचाळीस. टॅग सोडताना पाकिटातली फ्लॉपी अर्धी बाहेर आली.

"ही परत दिली होय त्यांनी?"

"हो. त्यांचं काम झालं."

"बरं झालं. चार महिन्यांची मेहनत आहे, पुढे कधी उपयोगी पडेल." त्यांनी ती हळूच पाकिटात सारली, भोकांवर भोकं जुळवली आणि टॅग ओवायला घेतला. डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं, टोक सारखं चुकत होतं.

"द्या इकडे, आबा," शिवांजली म्हणाली आणि तिने तो ओवून दिला.